ग्रॅम मोजून प्रथिनं कळत नाहीत

कोलेजनची पावडर पाण्यात घालून प्यायली की त्वचा घट्ट होते आणि सांधे मजबूत होतात, अशी हमी हल्ली जाहिरातींतून सर्रास दिली जाते. त्वचेत कोलेजन असतं हे खरंच आहे. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा त्याचाच असतो. पण पोटात गेलेलं कोलेजन कोलेजन राहत नाही. जठरातलं पेप्सिन आणि पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडातून आलेलं ट्रिप्सिन त्याची साखळी तोडतात. रक्तात पोचतात ती बहुतांशी सुटी अमिनो आम्लं, आणि काही दोन-तीन आम्लांचे बारीक तुकडे. पाडलेल्या वाड्याच्या विटा विकत आणल्या म्हणून आपल्या अंगणात वाडा उभा राहत नाही. गवंडी त्या विटा गरज असेल तिथे लावतो, कदाचित मोरीच्या कट्ट्यालाही.

याचा रोजचा पुरावा म्हणजे इन्सुलिन. तेही प्रथिनच, फक्त ५१ अमिनो आम्लांचं. फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत त्यातल्या प्रत्येक आम्लाची जागा शोधून काढली आणि १९५८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हे इन्सुलिन नुसतं गिळलं तर ते वरणातल्या डाळीसारखंच पचून जातं, म्हणून ते टोचून घ्यावं लागतं. गिळलेली प्रथिनं जशीच्या तशी रक्तात जात असती, तर लाखो मधुमेहींची सुई कधीच सुटली असती.

अन्नातून आपल्याला मिळतं ते सामान. रचना शरीर स्वतःची करतं. वीस प्रकारची अमिनो आम्लं जनुकात लिहिलेल्या क्रमाने जोडली जातात, त्या क्रमानुसार साखळीची ठरावीक घडी पडते आणि त्या घडीमुळे प्रथिनाला त्याचं काम जमतं. कोलेजनची घडी कशी असते हे आपल्याच देशात, मद्रास विद्यापीठात, जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५ मध्ये उलगडलं. एकमेकींभोवती पीळ घातलेल्या तीन साखळ्या, आणि प्रत्येक साखळीत दर तिसरं आम्ल ग्लायसीन. पिळाच्या आतल्या अंगाला इतकी कमी जागा असते की सगळ्यांत लहान आम्लच तिथे मावतं. हा पीळ पक्का व्हायला क जीवनसत्त्व लागतं. ते फार दिवस मिळालं नाही तर हिरड्यांतून रक्त येतं, जखमा भरत नाहीत. स्कर्व्ही म्हणतात तो हाच आजार. कोलेजनची एवढी काळजी असेल तर पुरेसं जेवण आणि सोबत आवळा, पेरू किंवा लिंबू, एवढ्यावर शरीराला काम करू द्यावं असं मला वाटतं.

शिजवल्याने प्रथिनं नष्ट होतात, हाही असाच एक पक्का समज. म्हणून काही जण कच्ची अंडी दुधात फेटून पितात. उष्णतेने प्रथिनाची घडी उलगडते, साखळी तुटत नाही. ती पूर्ण तोडायची तर प्रयोगशाळेत तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंश तापमानाला चोवीस तास ठेवतात. त्यापुढे आपला कुकर काहीच नाही. उलट घडी सुटल्यामुळे पाचकरसांना साखळीपर्यंत पोचणं सोपं जातं. शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९० टक्के प्रथिन पचतं आणि कच्च्यातलं जेमतेम निम्मं, असं मोजून पाहिलेलं आहे. शिवाय कच्च्या पांढऱ्यातलं अ‍ॅव्हिडिन बायोटिन हे जीवनसत्त्व अडकवून ठेवतं. अंडं उकडूनच खावं.

आता वरण-भाताबद्दल. शाकाहारातली प्रथिनं ‘अपूर्ण’ असतात, त्यांत काही अमिनो आम्लं नसतातच, असं जिमपासून घरापर्यंत ऐकू येतं. माणसाला अन्नातूनच मिळवावी लागणारी आम्लं नऊ. ती नऊच्या नऊ तांदळात आहेत, गव्हात आहेत आणि तुरीतही आहेत. फरक पडतो तो प्रमाणात. धान्यात लायसीन कमी, डाळीत मेथिओनीन कमी, आणि दोन्ही एकत्र खाल्ली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. एखादं आवश्यक आम्ल खरोखरच नसलेलं प्रथिन हवं असेल तर ते प्राण्यांकडेच सापडतं: कोलेजन. त्यात ट्रिप्टोफॅन नसतं. ज्या डब्यासाठी लोक हजार-दोन हजार मोजतात, त्यातलं प्रथिन या बाबतीत साध्या वरणाहून उणं आहे.

डाळ आणि भात एकाच ताटात हवेत, नाहीतर उपयोग नाही, हा आग्रह फ्रान्सेस मूर लॅपे यांच्या १९७१ च्या गाजलेल्या पुस्तकाने जगभर पसरवला. दहा वर्षांनी, पुढच्या आवृत्तीत, त्यांनीच तो मागे घेतला. शरीरात रोज अडीचशे-तीनशे ग्रॅम प्रथिनं मोडून नव्याने घडत असतात, आणि आपण खातो ती पन्नास-साठ. सुट्या आम्लांचा साठा सतत फिरता असतो, त्यामुळे सकाळी भाकरी आणि रात्री आमटी असंही चालतं.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. साताऱ्याच्या बुध गावचे हे संख्याशास्त्रज्ञ १९५१ पासून जवळजवळ वीस वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत होते. गरीब देशांना प्रथिनांची भुकटी पुरवायला हवी अशी हवा जगभर असताना त्यांनी आहाराच्या पाहण्या तपासून सांगितलं, की भारतात प्रथिन कमी पडणाऱ्या बहुतेक माणसांना मुळात पोटभर जेवणच मिळत नाही. उष्मांक कमी पडले की शरीर खाल्लेलं प्रथिन इंधन म्हणून जाळतं. म्हणजे डाळ गौण, असा त्याचा अर्थ नाही. प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरतं, ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. पण एका वाटी वरणात ३० ग्रॅम तुरीची डाळ असेल तर त्यातून साडेसहाच ग्रॅम येतं, आणि वरण पातळ असेल तर त्याहूनही कमी. आपल्याकडचा खरा प्रश्न या पातळ वरणाचा आहे.

आणि आता ज्या समजाची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, तो. ‘एखादं आम्ल इकडचं तिकडे झालं तर काय बिघडतं?’ गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या जिल्ह्यांत याचं उत्तर घराघरांत आहे: सिकलसेल. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या चार साखळ्यांत मिळून ५७४ अमिनो आम्लं असतात. दोन बीटा साखळ्यांत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आलं, की हा आजार. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो आणि ते पाण्यात रमतं. व्हॅलीन तेलकट, पाणी टाळणारं. रेणूने प्राणवायू सोडला की हे व्हॅलीन शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसतं, त्याला पुढचा रेणू चिकटतो आणि पेशीत लांबच लांब दोरे तयार होतात. गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते, बारीक वाहिन्यांत अडकते आणि हाडांत असह्य कळा येतात. एरवी १२० दिवस टिकणारी तांबडी पेशी दहा-वीस दिवसांत संपते. लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये दाखवलं की हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. नेमकं कोणतं आम्ल बदललं, हे पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधलं.

सिकलसेल स्पर्शाने पसरत नाही, आणि तो फक्त आदिवासींना होतो हेही खरं नाही. विदर्भात इतर समाजांतही तो आहे. रक्त कमी म्हणून नुसत्या लोहाच्या गोळ्या देत राहणं चूक आहे, कारण इथे पेशी तुटतात. लोह कमी असल्याचं तपासणीत दिसलं तरच ते द्यायचं. एकच सदोष जनुक असलेला वाहक सहसा आजारी नसतो. मात्र आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब इथे लागत नाही. लग्नाआधी दोघांची रक्ततपासणी करायची ती यासाठी: आधी सोल्युबिलिटी, मग खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस. पॉलिंग यांनी दोन हिमोग्लोबिन वेगळी ओळखली ती विजेच्या प्रवाहात त्यांचा वेग वेगळा पडतो यावरूनच.

उपचार नाहीत, हाही गैरसमजच. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने शरीर गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा बनवू लागतं. त्यात बीटा साखळी नसते, तिच्या जागी गॅमा असते. त्यामुळे दोऱ्यात पुढचा रेणू जोडला जाणं अडतं आणि कळांचे झटके कमी होतात. औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मधूनमधून रक्त तपासत, नेमाने घ्यावं लागतं. बरं वाटलं म्हणून ते मध्येच सोडायचं नाही.