व्यालेल्या गाईच्या शरीरातील साखरेची वाटणी

गाय व्याली, चीक सरला, दूध चढू लागले आणि त्याबरोबर गाय वाळू लागली, हा अनुभव गोपालकांस नवा नाही. दावणीत वैरण असते, गाय ती खातेही. तरी बरगड्या व पुठ्ठ्याची हाडे वर येतात. मग मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली जाते. या वाळण्याचे कारण गाईच्या शरीरातच असते, आणि ते जाणल्यास पुढचे दुखणे पुष्कळदा टळते.

दुधातील दुग्धशर्करा कासेत द्राक्षशर्करेपासून, म्हणजे ग्लुकोजपासून, तयार होते. एक लिटर दुधामागे कासेस सुमारे ७२ ग्रॅम ग्लुकोज लागते; पंधरा लिटर दुधास रोज एक किलोहून अधिक. माणसास भाकरीतून ग्लुकोज सरळ मिळते. गाईच्या कोठीपोटातील सूक्ष्म जंतू मात्र चारा आंबवून त्याची आम्ले बनवितात व त्यांपैकी मुख्यतः प्रोपिऑनिक आम्लापासून यकृत ग्लुकोज घडविते. कडब्यापासून निघते ते बहुतांशी ॲसिटिक आम्ल, आणि त्याचे ग्लुकोज होत नाही. म्हणून नुसत्या कडब्यावर गाईचे पोट भरते, पण कासेची गरज भागत नाही.

मिळकत अशी तोकडी असता वाटणी ठरविण्यात मोठा वाटा असतो तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून स्रवणाऱ्या वृद्धिसंप्रेरकाचा. नावावरून ते केवळ वासराची वाढ करणारे वाटेल. परंतु व्यालेल्या गाईच्या रक्तात त्याचे प्रमाण वाढते व इन्शुलिनचे घटते. एरवी इन्शुलिनचा निरोप पोचताच स्नायूंच्या पेशींत दडलेले वाहक रेणू पृष्ठभागावर येऊन रक्तातील ग्लुकोज आत ओढून घेतात. वृद्धिसंप्रेरक हा निरोप क्षीण करते. शिवाय ते साठलेला मेद विरघळविते. त्यातील मेदाम्ले जाळून स्नायू आपले काम भागवितात व ग्लुकोज कमी घेतात. कासेतील वाहक इन्शुलिनची वाट पाहत नाहीत, त्यामुळे स्नायूंनी सोडलेला वाटा कासेकडे जातो. स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याची पीयूषिकाही काढली तर त्याचा मधुमेह सौम्य होतो, हे अर्जेंटिनाचे शास्त्रज्ञ बर्नार्दो हुसे यांनी दाखविले होते. या ग्रंथीचा साखरेशी असलेला संबंध शोधल्याबद्दल त्यांना १९४७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हे संप्रेरक बाहेरून टोचून दूध वाढविण्यास अमेरिकेत १९९३ साली परवानगी मिळाली; युरोपीय संघाने त्यास बंदी केली. आपल्याकडे पान्हा सोडविण्यासाठी चोरून टोचतात ते ऑक्सिटोसिन निराळे. त्याचा या वाटणीशी संबंध नाही, आणि पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवाचून ते विकण्यास मनाई आहे.

निसर्गाची ही योजना वासराच्या हिताची खरी. पण ती आखली गेली वासरापुरत्या दुधासाठी. जास्त दुधाच्या संकरित गाईत मेद इतका वितळतो की यकृतास तो पेलवत नाही. मग रक्तात कीटोन द्रव्ये साठून किटोसिस हा रोग होतो. विल्यानंतर पहिल्या सहा आठवड्यांत गाय आंबोण सोडून नुसता कडबा चघळू लागली, दूध एकाएकी उतरले, शेण घट्ट पडले, श्वासास गोडसर वास आला, तर ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी गोपालकास तत्काळ पशुवैद्यकाकडे धाडावे. लघवीच्या साध्या परीक्षेने निदान होते.

अशा वेळी घरोघरी गूळ चारतात. थोडा गूळ बाधत नाही. परंतु त्याचीही कोठीपोटात आम्लेच होतात, तो साखर म्हणून रक्तात उतरत नाही, आणि फार चारल्यास उलट अपचन होते. म्हणूनच पशुवैद्यक ग्लुकोज शिरेवाटे देतात.

खरी तजवीज विण्यापूर्वीच करावयाची असते. भाकड काळात गाय हाडकुळी नसावी, तशी लठ्ठही नसावी. लठ्ठ गाईचाच मेद अधिक वेगाने वितळतो. विण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून मक्याचा भरडा असलेले आंबोण थोडे थोडे सुरू करावे व विल्यावर ते हळूहळू वाढवीत न्यावे. साधारणतः शरीरपोषणासाठी एक ते दीड किलो व दर लिटर दुधामागे ४०० ग्रॅम हे प्रमाण धरावे, आणि जोडीस हिरवी वैरण द्यावी.