पिलाची आई कोठे आहे?

किनाऱ्यावरून हुबळीस प्रथमच जाणारा मराठी माणूस दुर्गदबैल हे नाव ऐकून हमखास बुचकळ्यात पडतो. हा बैल कोणाचा, असे त्याच्या मनात येते. कानडीत बयलु म्हणजे मोकळी जागा. दुर्गद बयलु म्हणजे किल्ल्याचे मैदान. आज त्या मैदानाचे मोकळेपण नावापुरतेच उरले आहे. कापडाची आणि बांगड्यांची दुकाने, हातगाड्या, संध्याकाळी गिरमिट आणि मिरचीभज्यांभोवती जमणारी गर्दी यांतून वाट काढणे हाच तेथे एक व्यायाम होऊन बसतो. गोव्यातील आणि कारवारकडील कुटुंबांना हा बाजार परका नाही. लग्नाचा बस्ता हुबळीस बांधावयाचा ही अनेक घरांतील जुनी रीत आहे.

आमच्या परिचयाचे असेच एक कुटुंब बस्त्यासाठी तेथे गेले आणि परतताना शालू-शेल्यांच्या गठ्ठ्यांबरोबर लॅब्राडोर जातीचे एक पिलू घेऊन आले. पिलू कोणत्या दुकानातून घेतले नव्हते. मोबाइलवर छायाचित्र पाहून सौदा ठरला, पैसे मोबाइलवरूनच गेले आणि दुर्गदबैलच्या एका कोपऱ्यावर मोटारसायकलवरून आलेल्या एका तरुणाने पिशवीतून पिलू काढून मुलाच्या हातात ठेवले. वय विचारता पंचेचाळीस दिवस असे उत्तर मिळाले. पावती नाही, लसीचा दाखला नाही, पत्ता नाही. तरुण गर्दीत दिसेनासा झाला. अनमोडचा घाट उतरेपर्यंत पिलू मुलाच्या मांडीवर झोपून होते. पाचव्या दिवशी त्याने दूध टाकले, सहाव्या दिवशी ओकाऱ्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले, आठव्या दिवशी ते गेले. पशुवैद्यांनी रोगाचे नाव सांगितले, पार्व्हो. १९७८ च्या सुमारास जगाला प्रथम ठाऊक झालेला हा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस घेतो. म्हणजे पिलू हातात आले तेव्हाच, किंवा त्याच्या आगेमागे, रोग त्याच्यासोबत आला असला पाहिजे. घरच्या मंडळींना वाटले, प्रवासात ऊन लागले असावे.

मुलाचे रडणे थांबल्यावर त्या घरात बरीच चर्चा झाली. पैसे बुडाले ही हळहळ होती, फसवणूक झाली हा संताप होता. पिलू विकणाऱ्याला गाठावे कसे, याचाही खल झाला. परंतु त्या पिलाची आई कोठे आहे, हा प्रश्न खरेदीच्या दिवशी कोणी विचारला नव्हता आणि पिलू गेल्यावरही कोणाला सुचला नाही. आम्हांलाही तो फार उशिरा सुचला, हे येथे कबूल केले पाहिजे.

कुत्रीला वर्षातून साधारणपणे दोनदा माज येतो. गर्भधारणेपासून सुमारे त्रेसष्ट दिवसांनी ती विते. पुढले दोन महिने पिलांना अंगावर पाजण्यात आणि त्यांना वळण लावण्यात जातात. झीज भरून निघण्यास तिला त्यानंतर विसावा हवा असतो. धंद्याचा हिशेब याच्या नेमका उलट आहे. विसाव्याच्या काळात कुत्री नुसती खाते, कमावीत काही नाही. म्हणून दर माजाला तिला फळविले जाते. पिले महिन्याची होतात न होतात तोच तिच्यापासून काढली जातात. कारण पिलू जितके लहान तितके ते गोजिरवाणे, आणि जितके गोजिरवाणे तितकी त्याची किंमत अधिक. ही घाई पिलांच्या जिवावर बेतते. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती सहाव्या आठवड्यापासून ओसरू लागते. नेमक्या त्याच वेळी, लस अंगी लागण्यापूर्वी, त्यांना पिशव्यांत घालून गावोगाव फिरविले जाते. वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत कुत्र्याचे पिलू आई आणि भावंडे यांच्याकडून चावा किती जोराने घ्यावयाचा, कशाला भ्यावयाचे आणि कशाला नाही, हे शिकत असते. ते शिक्षण अर्धवट राहिलेले पिलू पुढे भित्रे निघते किंवा चावरे निघते. मग दोष त्याच्या जातीला दिला जातो.

आणि आई? अशा कोंडवाड्यांतून सोडविलेल्या कुत्र्यांचे जे वर्णन देशोदेशीचे प्राणिमित्र करतात ते विलक्षण सारखे आहे. तारेच्या जाळीवर उभे राहून पसरलेले पंजे, न झिजल्यामुळे वळलेली नखे, कोपरांवरचे घट्टे, गज चावून झिजलेले दात आणि लोंबणारे स्तन. मोकळ्या अंगणात सोडले तरी त्यांतील कित्येक कुत्र्या पहिले काही दिवस कोपरा धरून बसतात. अंगण ही वस्तूच त्यांना ठाऊक नसते. सगळेच पैदासकार असे असतात असे आमचे म्हणणे नाही. घरातल्या ओसरीवर कुत्री वाढविणारे, दोन वेतांमध्ये तिला पुरता विसावा देणारे आणि पिलू देण्याआधी घेणाऱ्याचीच उलटतपासणी करणारे लोकही आहेत. त्यांच्याकडे गेलेल्या गिऱ्हाइकाला आई आपोआपच दिसते, कारण ती दारातच भुंकत उभी असते.

आपल्या देशात याविषयी कायदा नाही असे मुळीच नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५३ साली राज्यसभेत मांडलेल्या खासगी विधेयकातून जी चळवळ उभी राहिली तिची परिणती १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात झाली. हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात जनावर कोंडणे, आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, पुरेसे अन्नपाणी न देणे हे सर्व या कायद्याच्या अकराव्या कलमान्वये गुन्हे ठरतात. मात्र पहिल्या गुन्ह्यासाठी कायद्याने लिहिलेला दंड आहे दहा ते पन्नास रुपये! तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केल्यास पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० साली पन्नास रुपये ही कारकुनाच्या पगारातील डोळ्यांत भरणारी रक्कम होती. आज दुर्गदबैलात एका कुटुंबाच्या गिरमिट आणि चहालाही ती पुरावयाची नाही. हजारो रुपयांना एक पिलू विकणाऱ्याला हा दंड म्हणजे शिक्षा नव्हे, किरकोळ खर्च होय. जनावर मारून टाकणाऱ्यास अथवा लुळेपांगळे करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेचे ३२५ वे कलम पाच वर्षांपर्यंतची कैद सांगते. त्याच जनावराला आयुष्यभर पिंजऱ्यात ठेवून पिळून काढणाऱ्यास मात्र पन्नास रुपये. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी नागराज खटल्याच्या निकालात ही विसंगती दाखवून संसदेने दंड वाढवावा असे सुचविले होते. २०२२ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने कायद्यात दुरुस्ती करण्याचा मसुदाही लोकांपुढे ठेवला.

कुत्र्यांच्या पैदाशीपुरते नियम मात्र बरेच पुढे गेलेले आहेत. विधी आयोगाने २०१५ च्या ऑगस्टमध्ये आपला २६१ वा अहवाल याच विषयावर दिला आणि २३ मे २०१७ रोजी केंद्राने कुत्र्यांची पैदास व विक्री यांसंबंधीचे नियम जारी केले. राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केल्यावाचून कोणालाही हा धंदा करता येत नाही. कुत्री अठरा महिन्यांची होईपर्यंत तिला फळवावयाची नाही. वर्षात एकाहून अधिक वेत नको, उभ्या आयुष्यात पाचांहून अधिक नको, आठ वर्षांच्या वयानंतर मुळीच नको. आठ आठवड्यांच्या आतील पिलू विकावयाचे नाही. आमच्या परिचितांना मिळालेले पंचेचाळीस दिवसांचे पिलू म्हणजे साडेसहा आठवड्यांचे झाले. तेही विकणाऱ्याचा शब्द खरा धरला तर. विकणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने नियमभंग सांगितला आणि घेणाऱ्याला तो कळला नाही. या नियमांची प्रत आम्ही तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या भिंतीवर कधी पाहिलेली नाही. लाळ्या-खुरकुताच्या लसीची भित्तिपत्रके तेथे मोठ्या अक्षरांत असतात, आणि ती असावयास हवीतच.

हुबळीच्या उत्तरेस शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर मुधोळ आहे. शहाजीराजांच्या १६४८ च्या कैदेमुळे मुधोळकर घोरपड्यांचे नाव मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असते. श्वानप्रेमींना ते निराळ्या कारणाने ठाऊक आहे. या संस्थानाचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी तेथील चपळ, लांब तोंडाचा, नजरेने शिकार हेरणारा कुत्रा निगुतीने वाढविला आणि त्याची जोडी इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना भेट दिली. २००५ साली टपाल खात्याने या मुधोळ कुत्र्यावर तिकीट काढले. बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने मुधोळजवळ तिम्मापूर येथे त्याच्या संवर्धनासाठी केंद्र चालविले आहे, आणि २०१६ मध्ये या जातीची पिले लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात शिक्षणासाठी गेली. पंतप्रधानांनी ३० ऑगस्ट २०२० च्या आकाशवाणीवरील भाषणात मुधोळचा उल्लेख केल्यानंतर त्याचे नाव देशभर झाले. देशी जातीला मान मिळाला याचा आम्हांस आनंदच आहे. त्या तालुक्यातील शेतकरी कुटुंबांना त्यातून चार पैसे मिळत असतील तर तेही चांगले. चिंता आहे ती कीर्तीपाठोपाठ येणाऱ्या दलालाची. मोबाइल कंपनीच्या एका जाहिरातीत २००३ साली पग जातीचा कुत्रा चमकला आणि पाहता पाहता हे चपट्या नाकाचे, श्वासासाठी धडपडणारे प्राणी शहरोशहरी विकले जाऊ लागले. त्या मागणीची किंमत पगच्या माद्यांनी मोजली. मुधोळचा कुत्रा माळरानावर धावण्यासाठी घडलेला. पणजीतील वा मडगावातील दोन खोल्यांच्या सदनिकेत त्याला बांधून ठेवणे हा प्रकार आमच्या मते कौतुकाचा नाही. किनाऱ्याच्या दमट उन्हाळ्यात सैबेरियाचा हस्की पाळणाऱ्यांविषयी तर काय लिहावे!

सरकारची दृष्टी अधूनमधून या विषयाकडे वळते, पण ती भलत्याच जागी स्थिरावते. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राने परिपत्रक काढून तेवीस जातींचे कुत्रे हिंस्र ठरविले व त्यांची पैदास आणि विक्री थांबविण्यास राज्यांना सांगितले. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेता हे परिपत्रक काढले गेले, या कारणास्तव कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी ते रद्द केले. चाव्यांनी माणसे दगावली होती, त्यामुळे लोकांची भीती खरी होती. परंतु महिन्याच्या वयात आईपासून तोडलेले आणि पिंजऱ्यात वाढलेले पिलू तेवीस नावांच्या यादीतील असो वा यादीबाहेरचे, ते बिथरण्याचा संभव राहणारच. यादी करणे सोपे. कोंडवाड्याच्या दारावर थाप मारणे कठीण.

इंग्लंडमध्ये हे दार उघडले ते एका कुत्रीमुळे. वेल्समधील एका पैदासकेंद्रातून २०१३ मध्ये सोडविलेली ल्यूसी नावाची स्पॅनियल कुत्री वारंवार विण्याने इतकी खंगली होती की तीन वर्षांनी, २०१६ मध्ये, ती मेली. तिच्या नावाने उभ्या राहिलेल्या चळवळीतून ६ एप्रिल २०२० पासून तेथे नवा नियम लागू झाला: सहा महिन्यांच्या आतील पिलू पैदासकाराने स्वतःच, त्याच्याच जागेवर आणि आईच्या सान्निध्यात विकावे; दलालाला किंवा दुकानदाराला ते विकता येऊ नये. गिऱ्हाईक आईला पाहील एवढीच ही तरतूद. पण नखे वळलेली, कातडे लोंबणारी कुत्री समोर उभी असताना खरेदीची पिशवी उघडण्याचे धैर्य फार थोड्यांना होते.

श्रीदत्ताच्या तसबिरीत पायांशी चार श्वान असतात आणि आपण त्यांना चार वेद म्हणून नमस्कार करतो. त्याच घरात पिलू आणताना त्याचे मोल आपण केसांच्या झळाळीवरून आणि कानांच्या आकारावरून ठरवितो. श्रद्धा आणि बाजार एकाच छपराखाली नांदतात, हे काही आपल्याकडे नवीन नाही.

कर्नाटक आणि गोवा या दोन्ही राज्यांच्या प्राणिकल्याण मंडळांकडून आम्ही तीन गोष्टी मागतो. नोंदणी झालेल्या पैदासकारांची यादी प्रत्येक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लावावी, म्हणजे दुर्गदबैलच्या कोपऱ्यावर पिशवी घेऊन येणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारता येईल. २००१ च्या नियमांनी प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्रूरता निवारण संस्था असावी असे सांगितले आहे. ती कोठे आहे आणि तिच्या निरीक्षकाने गेल्या वर्षभरात किती पैदासकेंद्रे पाहिली, हे जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर करावे. आणि पिलाची विक्री आईसमक्ष, पैदासकाराच्या जागेवरच व्हावी, अशी तरतूद दोन्ही राज्यांनी मिळून करावी. कारण पिलू घाट ओलांडून येते तेव्हा एकट्या राज्याचा नियम घाटमाथ्यावरच अडून राहतो.

त्या कुटुंबाने पिलू गेल्याचे कळविले तेव्हा विकणाऱ्याने अर्ध्या किमतीत दुसरे देऊ केले. मुलाच्या वडिलांनी आमच्या सांगण्यावरून त्याला आईचा पत्ता विचारला. तेव्हापासून तो फोन लागत नाही.