जपानमध्ये आम्ही काय खाल्ले, काय शिकलो

आपल्या वस्त्यांना जपान हे नाव नवे नाही. भदंत सुरई ससाई यांना नागपुरात पाहिलेले आणि कामठीचे ड्रॅगन पॅलेस बघून आलेले लोक आपल्याकडे घरोघरी सापडतील. म्हणून टोकियोत नोकरीला असलेल्या भाच्याने "मामा, मामी, पंधरा दिवस या" असा हट्ट धरला, तेव्हा आम्ही दोघे निश्चिंत होतो. बुद्धाच्या देशात आमच्या जेवणाची कसली अडचण?

आम्ही दोघे वीगन आहोत. म्हणजे मांस, मासे, अंडी तर नाहीच, पण दूध, दही, तूपही खात नाही. आधी कोलेस्टेरॉल वाढले म्हणून डॉक्टरांनी तूप-मटण बंद केले. नंतर जनावरांचा विचार मनात बसला आणि दूधही सुटले. हा आमचा स्वतःचा निर्णय आहे. नातेवाईक मटण खातात, आम्ही त्यांच्याच पंगतीला बसून भाजी-भाकरी खातो.

पहिल्याच संध्याकाळी आमचा गैरसमज फिटला. स्टेशनवरच्या एका छोट्या दुकानात गरम रश्शातल्या शेवया घेतल्या. वर फक्त कांद्याची पात होती. अर्धा वाडगा संपल्यावर आमच्यापैकी एकीने मान वर केली. "अहो, याला सुकटीचा वास येतोय!" भाच्याने विचारून खात्री केली. खरेच होते. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'दाशी' नावाचे पाणी. ते बहुतेक वेळा वाळवून धुरी दिलेल्या बोनिटो माशाचा कीस आणि कोम्बू नावाचे समुद्री शेवाळ यांपासून काढतात. सूप, उकडलेली भाजी, शेवयांचा रस्सा, सगळीकडे ते असते. ताटात मासा दिसत नाही, पण चवीत असतो.

त्या रात्री भाच्याने एका कागदावर जपानीत लिहून दिले: मांस, मासे, अंडी, दूध नको, माशाचा अर्कही नको. पुढचे सगळे दिवस तो कागद आमच्या खिशात होता. पाकिटावरच्या छापील यादीतही एक मेख निघाली. ॲलर्जीच्या सक्तीच्या यादीत अंडी, दूध, गहू, कोळंबी, खेकडा येतात, पण मासे येत नाहीत. त्यामुळे त्या यादीवर न थांबता सगळे घटक वाचावे लागतात.

तो अर्धा वाडगा पोटात गेला म्हणून आम्ही 'बाटलो' नाही. बाटणे हा शब्दच आम्ही घराबाहेर ठेवला आहे. याचे कारण क्योटोत आणखी पटले. जपानमध्ये सम्राट तेन्मू यांनी इ.स. 675 मध्ये गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यावर वर्षातले काही महिने बंदी घातली होती. पुढे अनेक शतके मांस वर्ज्य मानले गेले, मासे मात्र चालू राहिले. पण मेलेली जनावरे उचलणारे, कातडे कमावणारे लोक अपवित्र ठरले आणि त्यांच्या वस्त्या वेगळ्या पडल्या. तोच आजचा बुराकू समाज. 1871 च्या फर्मानाने हा भेद कागदावरून गेला, लग्नात आणि नोकरीत तो उरला. म्हणून 3 मार्च 1922 रोजी याच क्योटोत त्यांनी 'सुइहेइशा' ही समतेची संघटना उभी केली. भाचा हे सांगत होता आणि आम्ही गप्प झालो. करुणेने घास सोडणे आणि तो घास खाणाऱ्याला हीन ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तरी आम्ही उपाशी राहिलो नाही. विहारांतून चालत आलेली 'शोजिन र्‍योरी' ही भिक्खूंची जेवणाची रीत संपूर्ण वनस्पतीजन्य आहे. त्यात कांदा-लसूणही नसतो आणि दाशी फक्त शेवाळाची किंवा मशरूमची असते. क्योटोत एकदा ती जेवलो. खिशाला जड होती, म्हणून एकदाच. रोजचे पोट भरले ते सोयाबीनवर. साध्या दुकानात टोफूची लादी 100 येनच्या आत, म्हणजे आपल्या 60 रुपयांच्या आसपास मिळे. मिठात उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा आपल्या भुईमुगाच्या शेंगांसारख्या सोलून खाल्ल्या. आंबवलेले सोयाबीन, म्हणजे 'नात्तो', भातावर घेतात. त्याला तार सुटते आणि वासही उग्र. तिसऱ्या दिवशी जमू लागले.

एक गोष्ट मात्र तिथलीही घेऊ नये, ती म्हणजे मीठ. मिसो, सोया सॉस, लोणची यांमुळे जपानी माणसाच्या पोटात दिवसाला सरासरी सुमारे 10 ग्रॅम मीठ जाते. जागतिक आरोग्य संघटना 5 ग्रॅमच्या आत सांगते. आपल्याकडे पापड, लोणचे, ठेचा, फरसाण हेच काम करतात. घरात बीपीचा त्रास असेल तर आधी तिकडे बघा.

शहरात दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. एक, माणसे चालतात. म्हातारी माणसेही पिशवी घेऊन स्टेशनचे जिने चढतात, शाळकरी मुले घोळक्याने पायी शाळेत जातात. दुसरी, स्टेशनांवर स्वच्छ, फुकट संडास आणि नळाला पिण्याचे पाणी. आमच्यापैकी एकीने आयुष्यात पहिल्यांदा प्रवासात पोटभर पाणी प्यायले. वस्तीतल्या किती बाया संडासाच्या धास्तीने दिवसभर पाणी टाळतात आणि मग लघवीच्या जळजळीने हैराण होतात! ही चूक त्यांची नाही. स्वच्छ संडास मागणे हीसुद्धा आरोग्याचीच मागणी आहे.

आता आमची चूक सांगतो. दूध सोडल्यावर दोन वर्षांनी आमच्यापैकी एकीच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, चालताना तोल जाऊ लागला. वय झाले म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. तपासणीत बी-12 जीवनसत्त्व फार कमी निघाले. उशीर केला असता तर नसांचे नुकसान कायमचे राहिले असते. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी, दुधातून मिळते. डाळ-भाजीतून मिळत नाही, आणि समुद्री शेवाळावरही भरवसा ठेवता येत नाही. म्हणून जपानच्या बॅगेत पहिल्यांदा गोळ्या गेल्या.

वाचकहो, ताटात काय असावे हे तुमचे तुम्ही ठरवा. फक्त एवढे लक्षात ठेवा:

• मांस-मासे कमी केले तर त्या जागी नुसता भात-चपाती वाढवू नका. डाळ, चणे, मटकी, सोयाबीन वाढवा. 50 ग्रॅम कोरड्या सोया वडीत सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात.
• दूध-अंडीही सोडली तर डॉक्टरांना विचारून बी-12 ची गोळी घ्याच.
• मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचे बी-12 मांसाहार असूनही घटू शकते. पायांना मुंग्या येत असतील तर तपासून घ्या.
• गरोदर बाई आणि लहान मुलांच्या आहारात डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय असा बदल करू नका.

निघताना भाचा म्हणाला, "मामी, त्या शेवया पुन्हा खाल का?" मामी म्हणाली, "खाईन की. रस्सा मात्र मी करीन."