पंढरपूरला निघण्याआधी पायांना हात लावून पाहा

आषाढी आणि कार्तिकीच्या दिवसांत पंढरपूरच्या विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात. गर्दी सरेपर्यंत देव झोपत नाही, मंदिर चोवीस तास उघडे असते. उभ्याउभ्या पाठ अवघडेल म्हणून त्याच्या मागे कापसाचा मऊ लोड लावतात. यात्रा संपली की प्रक्षाळपूजा होते. त्या दिवशी देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्याने स्नान घालतात आणि शिणवटा जावा म्हणून काढा देतात. त्या पायांवर डोके ठेवायला जाणारी मंडळी मात्र स्वतःच्या पायांकडे क्वचितच पाहतात. ज्यांना मधुमेह आहे, त्यांना हे महागात पडते.

पिंपळे गुरवला पंढरीची वाट नवी नाही. तुकोबांची पालखी दरवर्षी आकुर्डीचा मुक्काम आटोपून शेजारच्या दापोडीवरून पुण्यात जाते. सोलापूर, धाराशिव, बीड, लातूरकडून भोसरी-चाकणच्या कारखान्यांत कामाला आलेली आणि इथेच राहिलेली अनेक घरे या भागात आहेत. गावाकडून आई-वडील राहायला आले की ‘एकदा पंढरपूर करून येऊ’ हे ठरलेलेच. वारीला पायी जायचे तर तीन आठवडे लागतात. गाडीने सोलापूर रस्त्याने भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी करत पाचेक तासांत पोहोचता येते. अंतर साधारण सव्वादोनशे किलोमीटर. तेव्हा बेत असा ठरतो : बुधवारी मुलाची दुसरी पाळी, गुरुवारी साप्ताहिक सुट्टी. रात्री बाराला घरी यायचे, जेवायचे, दोन-अडीचला गाडी काढायची, सकाळी रांगेला लागायचे आणि रात्री परत. मुक्कामाचे पैसे वाचतात, रजाही वाचते.

या बेतातला पहिला धोका चालकाचा आहे. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसासारखे चालतात, असे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठी कायद्याने ठरवलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी नऊला उठलेला माणूस रात्री दोनला स्टिअरिंगवर बसतो, तेव्हा त्याचे सतरा तास भरलेले असतात. थेंबही न घेता तो कायद्याच्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. दुसरा धोका मागच्या सीटवर बसलेल्या आईचा. तिची झोप, जेवण आणि गोळ्या या तिन्हींच्या वेळा एकदम मोडतात. एक दिवसाची रजा टाकून गुरुवारी सकाळी निघणे आणि शनिवारी सकाळी परतणे, हा खर्च या दोन्हींपुढे मोठा नाही.

निघण्याच्या आठवडाभर आधी घरीच एक साधी तपासणी करता येते. इंग्लंडमधल्या इप्सविच इथल्या डॉक्टरांनी ती रूढ केली. आईला पाय सोडून पलंगावर बसवायचे आणि डोळे मिटायला सांगायचे. उजव्या पायाचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी, तसेच डाव्या पायाची तीन, अशा सहा बोटांच्या टोकांना आपल्या बोटाने अलगद स्पर्श करायचा, एक ते दोन सेकंद. दाबायचे नाही, टोचायचे नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. स्पर्श कळला की तिने ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचे. एखादा स्पर्श कळला नाही तर तिथेच पुन्हा लावून पाहायचा नाही. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी उत्तर आले नाही, तर तळव्यांची संवेदना कमी झाली आहे, असे धरून चालावे. मग सहलीआधी डॉक्टरांना पाय दाखवावेत. सांगवीतले औंध जिल्हा रुग्णालय किंवा पिंपरीचे वायसीएम रुग्णालय या भागातून जवळ आहे. नायलॉनच्या बारीक तारेने, म्हणजे मोनोफिलामेंटने, होणारी तपासणी आणि पावलातली नाडी पाहणे ही डॉक्टरांच्या हातची काही मिनिटांची कामे आहेत.

अनेकांना वाटते की पाय बधीर झाले तर आपल्याला कळेलच. तसे होत नाही. रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की सर्वांत लांबच्या मज्जातंतूंची टोके आधी मरू लागतात आणि शरीरात सर्वांत लांबचे मज्जातंतू पायाच्या बोटांपर्यंत गेलेले असतात. बधिरपणा बोटांपासून हळूहळू वर चढतो. काहींना मुंग्या येतात, रात्री आग होते. पण काहींना काहीच होत नाही. दुखत नाही म्हणून पाय बरा आहे, असे समजले जाते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. पंढरीच्या रांगेत पुढे-मागे उभ्या असलेल्यांत ते असणारच. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेची काळजी म्हणजे पटकीची साथ होती. ती पाण्यातून यायची आणि सरकारला तिचा बंदोबस्त करावा लागायचा. आजचा हा आजार यात्रेकरू घरूनच बरोबर घेऊन येतो, आणि त्याचा बंदोबस्त घरच्यांनाच करावा लागतो.

दर्शनबारीत सावली असते. खरा चटका बसतो तो घाटाच्या पायऱ्यांवर, चंद्रभागेच्या वाळवंटात आणि प्रदक्षिणेच्या डांबरी रस्त्यावर. चैत्र-वैशाखात सोलापूर जिल्ह्यात पारा चाळीशी सहज ओलांडतो. त्या दिवसांत खुद्द विठ्ठलालाही गारव्यासाठी चंदनउटी लावतात. हवा ४० अंशांवर असताना उन्हातले काळे डांबर ६० अंशांच्या घरात जाते. दगड आणि कोरडी वाळूही फार मागे राहत नाहीत. ४४ अंशांचा पृष्ठभाग कातडीला इजा करायला काही तास घेतो, ६० अंशांचा मात्र काही सेकंदांत भाजतो. तळव्याची कातडी जाड असते म्हणून थोडा जास्त वेळ मिळतो, एवढेच. संवेदना शाबूत असलेला माणूस दुसऱ्याच पावलाला उडी मारून सावलीत जातो. बधिर पायाचा माणूस शांतपणे चालत राहतो. आणि गर्दीत लोक कौतुकाने म्हणतात, ‘आजींची श्रद्धा बघा, ऊन लागत नाही त्यांना.’ भर उन्हात अनवाणी चालून मधुमेहींचे तळवे भाजल्याच्या नोंदी सौदी अरेबियातल्या डॉक्टरांनीही केल्या आहेत. पाय बधीर असेल तर तापलेली जमीन सगळीकडे सारखीच वागते.

म्हणून मुक्कामाचे वेळापत्रक उन्हावर बेतायचे. गुरुवारी दुपारी पोहोचून जेवण आणि झोप. संध्याकाळी नामदेव पायरी आणि जमले तर मुखदर्शन. मुखदर्शनाची रांग वेगळी आणि बहुधा लहान असते. देव लांबून दिसतो, पण ज्यांना तासन्‌तास उभे राहवत नाही त्यांच्यासाठी ती मोठी सोय आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पदस्पर्शदर्शनाची रांग शुक्रवारी पहाटे धरावी. दुपारी नैवेद्याला आणि नंतर पोशाखाच्या वेळी रांग थांबते. नेमके त्याच वेळी मध्ये अडकले तर गोळीची आणि जेवणाची वेळ हमखास टळते. ज्येष्ठांसाठी त्या दिवशी काय सोय आहे, हे आदल्या संध्याकाळी मंदिर समितीच्या माणसांना विचारून ठेवावे. अकरा ते चार खोलीवर. वाळवंट आणि प्रदक्षिणा सूर्य कलल्यावर. एकादशी टाळावी. शनिवार-रविवारची गर्दी सुरू होण्याआधी परतीला लागलेले बरे.

मोज्यांचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. जाड सुती मोजे चटका थोडाच थोपवतात, पण खडा, काच, खिळा आणि घासण्यापासून बराच बचाव करतात. कापडी मोजे घालून जाऊ देतात का, हे दारावर विचारायला संकोच कशाला? फिकट रंगाचे मोजे घ्यावेत. बधिर पायातून रक्त आले तर डाग लगेच दिसतो. प्रदक्षिणा चपला घालून केली तर देव रागावणार नाही, हे आईला पटवायचे काम मात्र मुलाने न करता तिच्या वयाच्या एखाद्या वारकऱ्याने केलेले बरे.

आता गोळ्यांकडे वळू. पंढरपूरला जायचे म्हणून उपवास धरला जातो, पण गोळी नेहमीची घेतली जाते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण टाळले तर साखर घसरते : घाम सुटतो, हात कापतात, बोलणे असंबद्ध होते. रांगेतल्या उकाड्यात ही लक्षणे ‘गर्दीने गुदमरल्या’ या सदरात जातात. साबुदाण्याची खिचडी हा त्यावरचा उपाय नाही. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. तो साखर आधी झपाट्याने चढवतो. उपवास करायचाच असेल तर त्या दिवशीचा डोस किती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. पिशवीत साखरेची पुडी किंवा ग्लुकोज असावे, आणि ते कोणत्या कप्प्यात आहे हे आईलाही ठाऊक असावे. इन्सुलिन उन्हातल्या गाडीत कधीही सोडू नये. वापरातले पेन तीस अंशांखाली राहिले तर सहसा चार आठवडे टिकते. खोलीत फ्रीज नसेल तर प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून छोट्या मातीच्या मडक्यात ठेवावे आणि मडक्याला ओले फडके गुंडाळावे. सोलापूरकडची हवा कोरडी, त्यामुळे पाणी भराभर उडते आणि मडके चांगले गार राहते. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते, आणि ती बोलली जात नाही. रांगेत शौचालय मिळेल की नाही या धास्तीने त्या आदल्या रात्रीपासून पाणी कमी करतात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती गुपचूप टाळतात. पाणी कमी पडले की रक्तदाब खाली येतो, उभ्याउभ्या चक्कर येते, आणि घरी परतल्यावर लघवीला जळजळ सुरू होते. रांगेच्या दिवशी त्या गोळीची वेळ पुढे ढकलता येईल का, हे डॉक्टरांना विचारले तर मार्ग निघतो. सुनेने विचारले तर अधिक सोपे. खोली घेतानाही तळमजला आणि कमोडची खात्री करून घ्यावी. समितीचे भक्तनिवास आहे, गावात मठ आणि धर्मशाळा भरपूर आहेत, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला दुसऱ्या मजल्यावरची स्वस्त खोली दोन दिवसांत महाग पडते.

एसटीने जाणारे पुष्कळ असतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, महिलांना निम्मे तिकीट, त्यामुळे म्हाताऱ्या मैत्रिणी-मैत्रिणीच निघतात. त्यांनी गाडी थांबेल तिथे उतरून चार पावले टाकावीत आणि बसल्याजागी घोटे फिरवत राहावे.

रात्री खोलीवर आल्यावर एक सवय मोडायला हवी. दमलेल्या पायांसाठी बादलीत कढत पाणी, त्यात मूठभर मीठ आणि अर्धा तास पाय बुडवून बसणे. बधिर पायाला पाण्याचा ताप कळत नाही, आणि जे उन्हाने वाचले ते बादलीत भाजते. पाणी कोमट हवे आणि ते दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून पाहिलेले हवे. दोन मिनिटांत धुवून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून मग मोबाइलच्या उजेडात तळवे पाहावेत. ज्यांना वाकून दिसत नाही त्यांच्या तळव्याचा फोटो काढावा. लाली, फोड, चीर किंवा टोचलेले काहीही दिसले तर फोड फोडू नये. हळद, टूथपेस्ट, शाई लावू नये. स्वच्छ पाण्याने धुवून कोरडी पट्टी बांधावी आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठावा, मग तो पंढरपुरातला का असेना. ‘घरी गेल्यावर बघू’ यात आठवडा जातो, आणि मधुमेहीच्या पायात जंतूंना आठवडा पुष्कळ झाला. जखम असेल तर चंद्रभागेत उतरायचे नाही. चार थेंब डोक्यावर घेतले तरी स्नान होते. चालताना पोटरीत गोळा येतो आणि थांबले की जातो, असे कुणाला होत असेल तर पायाचा रक्तपुरवठा कमी असू शकतो. अशा माणसाची जखम आणखी सावकाश भरते.

परतल्यावरही आठवडाभर रोज रात्री तळवे पाहावेत, कारण भाजल्याचा फोड कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठतो. आणि सामान भरताना पिशवीत तळाशी एक वापरातली, पायाला सवय झालेली चपलांची जोडी ठेवावी. देवळाबाहेरून चपला गेल्या की लोक हसून समोरच्या दुकानातून नव्या घेतात, आणि नव्या चपलेचा पट्टा बधिर पायाला घरी येईपर्यंत कापत राहतो.