दगडाआडची पत्रपेटी

पत्रपेटी म्हटली म्हणजे नाक्यावरची तांबडी पेटी डोळ्यांपुढें उभी राहते. ती दुरून दिसावी, कोणाही वाटसरूस सहज सांपडावी, यांतच तिची सार्थकता. परंतु इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांत, डेव्हन परगण्यांत, सहसा कोणाच्या दृष्टीस पडूं नयेत अशा बेतानें ठेवलेल्या पत्रपेट्या आहेत. त्या शोधण्यासाठीं माणसें दिवसभर चिखल तुडवितात, आणि सांपडलेली पेटी पुन्हा तितक्याच काळजीनें लपवून परत फिरतात. या पेट्यांची जन्मभूमि म्हणजे डार्टमूर.

डार्टमूरच्या राष्ट्रीय उद्यानाचा विस्तार सुमारें ९५० चौरस किलोमीटर आहे. त्याच्या मध्यभागास ‘डार्टमूरचें अरण्य’ असें म्हणतात; तथापि या नांवावरून घनदाट झाडीची अपेक्षा करणाराची तेथें निराशा होईल. मध्ययुगांत राजाच्या शिकारीसाठीं राखलेल्या मुलुखास हें नांव असे; मग तेथें वृक्ष असोत वा नसोत. आज तेथें दिसतें तें उघडें माळरान, पाणथळ जमीन आणि टेकड्यांच्या माथ्यावर रचून ठेवल्यासारख्या ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळा. या शिळांच्या राशींस तेथील लोक ‘टॉर’ म्हणतात.

या माळरानाच्या उत्तर भागांत क्रॅन्मिअर पूल नांवाची एक जागा आहे. नांव तळ्याचें असलें तरी आतां ती केवळ काळ्या, भुसभुशीत मातीची एक खोलगट जागा उरली आहे. रस्त्यापासून दूर आणि भोंवतालीं दलदल, यामुळें तेथवर पोंचणें हें एके काळीं मोठें साहस गणलें जाई. चॅगफर्ड गांवचा जेम्स पेरॉट हा वाटाड्या हौशी प्रवाशांस तेथें घेऊन जात असे. १८५४ सालीं त्यानें त्या ठिकाणीं एक बाटली ठेवली. येथवर आलेल्यानें आपलें नांवाचें कार्ड तींत टाकावें, एवढाच त्याचा हेतु होता. १८८८ सालीं बाटलीच्या जागीं पत्र्याची पेटी आली, १९०५ सालीं अभ्यागतांच्या सह्यांसाठीं वही आली, आणि १९३७ सालीं दगडी बांधणीची कायम पेटी उभी राहिली.

यांतूनच एक गोड प्रघात पडला. येणारा मनुष्य पत्ता लिहिलेलें, तिकीट लावलेलें कार्ड पेटींत ठेवी. त्यानंतर जो कोणी तेथें येई, तो तें कार्ड उचलून आपल्या गांवच्या टपालांत टाकी. तो दुसऱ्या दिवशीं येईल कीं महिन्यानें, हें कोणास सांगतां येत नसे. न पाहिलेल्या, नांवहि ठाऊक नसलेल्या माणसाच्या हातीं आपलें पत्र सोंपवायचें, असा हा विश्वासाचा व्यवहार होता.

१९७० नंतरच्या दशकांत या छंदानें एकदम जोर धरला आणि पेट्यांची संख्या हजारोंवर गेली. आजची पेटी म्हणजे बहुधा घट्ट झांकणाचा प्लॅस्टिकचा डबा. त्यांत एक वही आणि त्या पेटीचा स्वतंत्र रबरी शिक्का असतो. शोधणारा हा शिक्का आपल्या वहींत उमटवितो व आपला स्वतःचा शिक्का पेटींतील वहींत उमटवून ठेवतो. शंभर पेट्या शोधल्या म्हणजे ‘हंड्रेड क्लब’चें सभासदत्व मिळतें आणि खुणांची यादी हातीं येते.

या खुणा वाचणें हेंच खरें कौशल्य. अमुक टॉर इतक्या अंशांवर आणि तमुक शिखर तितक्या अंशांवर दिसेल, अशी जागा होकायंत्रानें हुडकावयाची. दोन रेषा जेथें छेदतात, त्याच्या आसपासच कोठें तरी एखाद्या शिळेच्या पोटाशीं डबा असतो. परंतु ‘आसपास’ हा शब्द फसवा आहे. होकायंत्र वाचतांना एका अंशाची चूक झाली, तर एक किलोमीटर दूरच्या खुणेमागें सुमारें सतरा मीटरांचा फरक पडतो. आणि तेवढ्या टप्प्यांत दगड शेंकडों असतात. म्हणून दूरच्या खुणांनीं जागा ठरवावी आणि शेवटीं जवळच्या एखाद्या ठळक शिळेपासून पावलें मोजावीं, ही रीत. शिवाय होकायंत्राची उत्तर स्थिर नाहीं. पन्नास वर्षांपूर्वीं तेथें ती खऱ्या उत्तरेच्या पश्चिमेस कित्येक अंश कललेली असे. आतां तें अंतर जवळजवळ नाहींसें झालें आहे. चुंबकाच्या उत्तरेवरून लिहिलेली जुनी खूण जशीच्या तशी घेणारा म्हणूनच भलतीकडे जातो.

निसर्गहि थट्टा करूं देत नाहीं. धुकें उतरलें कीं घटकाभरांत सर्व टॉर दिसेनासे होतात. उत्तर भागांत लष्कराच्या गोळीबाराचीं मैदानें आहेत. तेथें तांबडें निशाण लागलें असतां पाऊल टाकणें म्हणजे जिवाशीं खेळ.

परंतु मोठा धोका माणसास नसून भूमीसच आहे. डार्टमूरवर हजारों वर्षांपूर्वींच्या घरांचे पाये, दगडांच्या रांगा आणि दफनस्थानें आहेत. अधीर शोधकानें त्यांतील एक दगड उपटला, तर तो पुन्हा पूर्वींसारखा बसविणें कोणास साधणार? म्हणूनच प्राचीन अवशेषांत किंवा भिंतींत पेटी ठेवूं नये, आणि शोधतांना हललेला प्रत्येक दगड जागच्या जागीं ठेवावा, असा तेथील नियम आहे.

१९९८ सालीं एका अमेरिकन मासिकांत आलेल्या लेखानंतर हा छंद अमेरिकेंतहि पसरला. २००० सालापासून उपग्रहांच्या साह्यानें डबे शोधण्याचा दुसरा एक खेळहि निघाला. साधनें बदललीं, तरी प्रसंग तोच राहिला. उजाड माळावर मनुष्य एकटा असतो. पेटी फोडली, शिक्का खिशांत घातला, तरी त्याला पाहणारें कोणी नसतें. तरीहि बहुतेक जण वही कोरडी आहे ना हें पाहतात, झांकण घट्ट लावतात, आणि वरचा दगड पूर्वींसारखा बसवून मगच वाटेस लागतात. मागून येणारा कोण, हें त्यांस ठाऊक नसतें. पण तो येणार, एवढें ते जाणतात.