मूकपणे चुकणारे साचे

संकेतस्थळावरील पानात मथळे, रकाने आणि बटणे यांसारखा कायम राहणारा भाग असतो, तसाच नाव, तारीख किंवा रक्कम यांसारखा दर वेळी माहितीसाठ्यातून येणारा भागही असतो. या दोहोंची सांगड घालणाऱ्या फाइलीला टेम्प्लेट, म्हणजे साचा, म्हणतात. तीत एचटीएमएल या पानरचनेच्या भाषेतील खुणा लिहिलेल्या असतात आणि बदलत्या माहितीसाठी जागा राखून ठेवलेली असते. हिशेब करणारा कोड आपोआप चालणाऱ्या चाचण्यांनी तपासून घेण्याची शिस्त प्रोग्रामरांमध्ये रुजली असली, तरी साचा म्हणजे निव्वळ सजावट या समजुतीने तो अनेकदा तपासणीतून सुटतो. ही समजूत धोक्याची आहे, कारण हिशेब कितीही अचूक असला तरी माणसाच्या डोळ्यांपुढे येते ते साच्यातून उमटलेलेच.

पायथन भाषेतील जँगो ही प्रणाली या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वृत्तपत्राच्या वेब विभागात ती घडली आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिच्या साच्यात दुहेरी महिरपी कंसांमध्ये एखादे चल, म्हणजे बदलती माहिती धारण करणारे नाव, लिहिले की त्या जागी ती माहिती उमटते. परंतु नाव लिहिण्यात चूक झाली, तर सहसा तेथे काहीच उमटत नाही आणि पान कोणतीही तक्रार न करता तयार होते. पावतीवरील रकमेची जागा कोरी राहिली, तरी सर्व्हरच्या नोंदवहीत चुकीची नोंद सापडेलच असे नाही.

याहून गंभीर प्रकार अटींच्या बाबतीत घडतो. शाळेच्या शुल्कपत्रकात ‘शुल्क भरले असल्यास पावती दाखवा, नसल्यास बाकी दाखवा’ अशी अट असून तीतील चलाचे नाव चुकले, तर जँगो ते चल नसल्याचे धरून चालते, अट खोटी ठरते आणि शुल्क भरलेल्या पालकालाही बाकीच दिसते. ज्याने केवळ बाकी असलेल्या विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊन चाचणी लिहिली असेल, त्याची चाचणी या चुकीसह बिनदिक्कत उत्तीर्ण होते. म्हणूनच साच्यातील प्रत्येक अटीच्या दोन्ही बाजू तपासणे, आणि जे दिसायला हवे त्याबरोबरच जे दिसता कामा नये तेही तपासणे, हा या कामाचा गाभा आहे. त्यासाठी जँगोत टेस्ट क्लायंट नावाचा नकली ब्राउझर असतो; तो पानाची मागणी करतो, आणि आलेल्या उत्तरात अमुक मजकूर आहे किंवा नाही याची खातरजमा तयार आदेशांनी करता येते.

नसावे त्याची तपासणी सुरक्षेच्या दृष्टीनेही मोलाची आहे. वापरकर्त्याने नावाच्या रकान्यात स्क्रिप्टची, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडची, खूण भरली, तर तिचे निरुपद्रवी मजकुरात रूपांतर जँगोत २००८ च्या १.० या आवृत्तीपासून आपोआप होते; तथापि साच्यात ‘सेफ’ हा एक शब्द जोडला की त्या जागेपुरते हे संरक्षण उठते. अशी खूण मुद्दाम भरून ती पानात जशीच्या तशी येत नाही हे पाहणारी छोटीशी चाचणी त्या एका शब्दावर कायमची नजर ठेवते.

संपूर्ण पान अक्षरशः जुन्या प्रतीशी ताडून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. अशी चाचणी एखादी मोकळी जागा वाढली तरी नापास होते आणि लवकरच कोणी तिच्याकडे लक्ष देईनासे होते. जँगोच्या १.४ या आवृत्तीत, २०१२ मध्ये, एचटीएमएलची तुलना अर्थाच्या अंगाने करणारी सोय आली. ती खुणांमधील गुणधर्मांचा क्रम आणि निरर्थक मोकळ्या जागा दुर्लक्षिते.

मराठी मजकुराची तुलना याहूनही नाजूक असते. ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दातील ऱ युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतो, तसाच र आणि नुक्ता अशा दोन संकेतांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला मात्र वेगळे. सामान्यीकरण, म्हणजे समतुल्य लेखनांना एकाच रूपात आणण्याची प्रमाणित क्रिया, केल्यावर हा भेद मिटतो. परंतु साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक अशी तिसरी रीतही सर्रास वापरली जाते, आणि ती सामान्यीकरणानेही पहिल्या दोहोंशी एकरूप होत नाही. तेव्हा मराठी पानांच्या चाचण्या लिहिणाऱ्यांनी कोणते लेखन स्वीकारायचे हे आधीच ठरवून साच्यात आणि चाचणीत तेच पाळावे.

अर्थात या सर्व चाचण्या मजकूर वाचतात, चित्र पाहत नाहीत. निवडलेल्या फॉन्टमध्ये ‘शेतकऱ्यांसाठी’मधील अर्धा र नीट जुळतो की तुटून दिसतो, हे त्यांना कळत नाही. त्यासाठी सेलेनियमसारख्या साधनाने खरा ब्राउझर चालवून पानाचे चित्र घ्यावे लागते, आणि अशा चाचण्या संथ असल्याने त्या मोजक्या, महत्त्वाच्या पानांपुरत्याच ठेवल्या जातात.