खांब सगळ्यांचा

जुलै २००७ मध्ये बोरिवलीची लक्ष्मीछाया कोसळली, सप्टेंबर २०१३ मध्ये माझगावची बाबू गेनू मार्केटची इमारत आणि २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी साई. माझगावात ६१ माणसं गेली, घाटकोपरात १७. तिन्ही वेळा बोट तळमजल्याकडे वळलं. तिथल्या जागेत कोणीतरी आपल्या सोयीने फेरबदल केले होते, आणि वरच्यांना त्याची दाद ना फिर्याद.

याच काळात घराचा विमाही बराच बदलला. १ जानेवारी २००७ पासून आगविम्याचे ठरवून दिलेले दर उठले आणि कंपन्यांत स्पर्धा लागली. पॉलिसीची भाषा मात्र जुनीच राहिली. ती बदलली १ एप्रिल २०२१ ला, ‘भारत गृह रक्षा’ आली तेव्हा. विमा नियामकाचं हे काम चांगलं झालं, असं माझं मत आहे. भाषा सामान्य माणसाला कळेल अशी झाली, इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण कमाल १० लाखांपर्यंत, घरातल्या सामानाला आपोआप संरक्षण मिळालं, आणि विमा कमी रकमेचा उतरवला म्हणून क्लेम कापणं बंद झालं. पाण्याची टाकी वा पाइप फुटला तर भरपाई आहे.

तरी जमीन खचण्याच्या कलमाखाली वगळलेल्या गोष्टी वाचाव्यात. पाडकाम, बांधकाम, रचनेतले फेरबदल, दुरुस्ती यांमुळे झालेलं नुकसान तिथे आजही बाहेरच आहे. शिवाय ही पॉलिसी मुळात आपल्या घराची. आपल्या बाथरूमचा कोबा फोडताना खालच्यांचं छत गळू लागलं, तर त्यांना द्यायचे पैसे तिच्यातून येत नाहीत. त्यासाठी दायित्वाचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं.

(१९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा नावावरून इथे लागू वाटतो. पण तो भोपाळनंतरचा, घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठीचा आहे.)

दायित्वाची सोय आहे ती ‘काँट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ पॉलिसीत. तिचा पहिला भाग चालू कामासाठी, दुसरा त्रयस्थांच्या नुकसानीसाठी. बड्या प्रकल्पांवर ती नित्याची. दोन खोल्यांच्या टाइल्स बदलणाऱ्या मिस्त्रीकडे ती मागितली, तर तो आपल्याकडे बघतच राहतो. मजुराच्या अपघाताच्या भरपाईचा कायदा तर १९२३ मध्येच आला, पण त्यासाठीची पॉलिसी छोट्या ठेकेदाराकडे क्वचितच असते.

सोसायट्यांना आदर्श उपविधींनुसार इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा उतरवावा लागतो. नूतनीकरणाला परवानगी देताना मात्र त्या हमीपत्र आणि अनामत रक्कम घेऊन मोकळ्या होतात. ‘नुकसान झाल्यास सभासद जबाबदार’ असं लिहून घेतलं जातं; तो सभासद ते पैसे आणणार कुठून, हे कोणी विचारत नाही. त्याच अर्जावर एक ओळ वाढवता येईल: ठेकेदाराच्या पॉलिसीची प्रत जोडा, आणि तिच्यात शेजारच्या मालमत्तेचा उल्लेख आहे का ते दाखवा.